पासवर्ड मॅनेजर आणि स्क्रीन रीडर: लॉगिन पुन्हा पुन्हा अडतं तेव्हा

लक्षण साधारण असं असतं. लॉगिनच्या पानावर जाऊन पासवर्ड मॅनेजरची शॉर्टकट दाबली, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) काहीच बोलला नाही. एंटर दाबलं तर पान म्हणतं ‘पासवर्ड टाका’, नाहीतर ‘पासवर्ड चुकीचा आहे’, नाहीतर तेही नाही. गंमत म्हणजे कालच हे पान नीट चाललं होतं. असं चार वेळा झालं की माणूस कंटाळतो आणि सगळीकडे लक्षात राहील असा एकच पासवर्ड ठेवतो, किंवा सगळे पासवर्ड नोटपॅडमध्ये लिहून ठेवतो. दोन्ही धोक्याचं आहे आणि दोन्हीची गरज नाही. या अडचणींची कारणं मोजकी आहेत आणि ती न बघता ओळखता येतात.

खालच्या कळा विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या आहेत. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरच्या कळा वेगळ्या आहेत तिथे त्या दिल्या आहेत. मॅनेजर म्हणून बिटवॉर्डनचं ब्राउझर एक्स्टेन्शन आणि कीपास यांची उदाहरणं घेतली आहेत, कारण एक पानात थेट भरतो आणि दुसरा कळा दाबल्यासारखं टाइप करतो. बाकीचे बहुतेक मॅनेजर या दोनपैकी एका पद्धतीने चालतात.

आधी कुठे अडलं ते शोधा

इथे तीन गोष्टी गुंतलेल्या असतात: पान, मॅनेजर आणि स्क्रीन रीडर. मॅनेजर पानाचा कोड वाचून पासवर्डचा रकाना ओळखतो. स्क्रीन रीडर ब्राउझरने तयार केलेली वेगळीच रचना वाचतो. त्यामुळे मॅनेजरने काम केलं तरी स्क्रीन रीडरला त्याचा पत्ता नसतो. गप्प राहिला म्हणजे भरलं नाही, असं धरून चालू नका. खात्री अशी करा:

१. ब्राउझ मोडमध्ये (यात अक्षरांच्या कळा टाइप होत नाहीत, पानावर फिरवतात) ई दाबत पासवर्डच्या रकान्यावर जा. एनव्हीडीए त्याला ‘प्रोटेक्टेड’ म्हणतो. तसं म्हटलं नाही तर तो साधा रकाना आहे; तिथे पासवर्ड टाकला तर तो मोठ्याने वाचला जाईल.

२. एंटर दाबून रकान्यात शिरा, होम दाबा आणि उजव्या बाणाने एकेक अक्षर सरका. प्रत्येक अक्षराला ‘स्टार’ किंवा ‘बुलेट’ ऐकू आलं तर रकाना भरलेला आहे. रिकामा असेल तर ‘ब्लँक’ ऐकू येईल.

३. स्टार मोजा. मॅनेजरमध्ये पासवर्ड १६ अक्षरांचा आहे आणि इथे १२च निघाले, तर पान पासवर्ड कापतंय. ३२ निघाले, तर तो दोनदा भरला गेलाय.

‘पासवर्ड दाखवा’ हे बटण तपासणीसाठी वापरू नका. ते दाबताच रकाना साधा होतो आणि पुढची हालचाल पासवर्ड वाचून दाखवते. हे बटण पुष्कळदा पासवर्डचा रकाना आणि ‘लॉगिन’ यांच्या मधोमध असतं, तेही बिनलेबलचं. पासवर्डनंतर एकदा टॅब आणि मग एंटर, अशी सवय असेल तर नेमकं तेच दाबलं जातं. म्हणून पासवर्डच्या रकान्यातच एंटर दाबा, किंवा बी दाबत ‘लॉगिन’ ऐकू येईपर्यंत जा.

रकाना रिकामाच राहतो

सगळ्यात साधं कारण म्हणजे मॅनेजरमधली पासवर्डची तिजोरी लॉक झालेली असते. स्क्रीन रीडरने फॉर्म भरायला वेळ लागतो आणि मधेच मुदत संपते. लॉकची मुदत थोडी वाढवा, आणि जागेवरून उठताना विंडोज+एल दाबून संगणकच लॉक करायची सवय ठेवा. विंडोज हॅलोने तिजोरी उघडत असाल तर पिन किंवा बोटाचा ठसा विचारणारी खिडकी कधीकधी मागे उघडते आणि फोकस तिच्यावर जात नाही. ऑल्ट+टॅब दाबून बघा. ब्राउझरचं एक्स्टेन्शन बोटाच्या ठशाने उघडायचं असेल, तर बहुतेक वेळा मॅनेजरचं डेस्कटॉप अ‍ॅप चालू असावं लागतं, हेही विसरलं जातं.

दुसरं कारण: कळ मॅनेजरपर्यंत पोहोचतच नाही. बिटवॉर्डनमध्ये कंट्रोल+शिफ्ट+एल भरण्यासाठी आहे. पुन्हा दाबली की त्या साइटचं पुढचं खातं भरलं जातं. ही कळ दुसऱ्या कुणी पकडली असेल तर काहीच होत नाही. आधी एनव्हीडीए+एफ२ (एनव्हीडीएची कळ म्हणजे सहसा इन्सर्ट) दाबा आणि लगेच शॉर्टकट दाबा. एफ२ पुढची कळ स्क्रीन रीडरला बाजूला ठेवून सरळ प्रोग्रॅमकडे पाठवतो. जॉजमध्ये त्यासाठी इन्सर्ट+३ आहे. असं केल्यावर भरलं गेलं तर भांडण स्क्रीन रीडरशी होतं. तरीही नाही, तर ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन्सच्या पानावर ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ उघडून कळ खरंच नेमलेली आहे का ते ऐका. दोन एक्स्टेन्शन्सनी एकच कळ मागितली की नंतरच्याची जागा रिकामी राहते, आणि ते कुणी सांगत नाही. फायरफॉक्समध्ये कंट्रोल+शिफ्ट+ए दाबून अ‍ॅड-ऑन्सचं पान उघडा; तिथल्या साधनांच्या मेनूत एक्स्टेन्शनच्या शॉर्टकट बदलायची सोय आहे.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आहे: पत्ता जुळत नाही. मॅनेजर पासवर्डासोबत साइटचा पत्ता ठेवतो आणि पत्ता जुळला तरच भरतो. इथे घाई करून मॅनेजरमधून पासवर्ड कॉपी करून चिकटवू नका. डोळस माणसाला बनावट पान कधीकधी रंगावरून, चिन्हावरून, वाकड्या अक्षरांवरून खटकतं. आपल्याला ते पान हुबेहूब खऱ्यासारखंच ऐकू येतं, कारण शीर्षक आणि लेबलं नक्कल करायला सोपी असतात. मॅनेजरचा नकार हा आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा इशारा आहे. भरायला नकार दिला की कंट्रोल+एल दाबून पत्त्याच्या पट्टीत जा आणि पत्ता उजव्या बाणाने अक्षराअक्षराने ऐका. शंका आली त्या अक्षरावर नंबरपॅडवरचा २ दोनदा दाबला की ते अक्षर शब्दासकट ऐकू येतं, तीनदा दाबला की त्याचा अंकी कोड ऐकू येतो. लॅपटॉप मांडणीत त्यासाठी एनव्हीडीए+पूर्णविराम आहे. छोटा एल, मोठा आय आणि अंक १ दिसायला सारखे असतात, पण त्यांचे कोड वेगळे आहेत. या एका बाबतीत कानाची तपासणी नजरेपेक्षा नेमकी ठरते.

पत्ता खरा निघाला आणि फक्त लॉगिनचं पान वेगळ्या उपनावावर (सबडोमेनवर) असेल, तर नोंदीत तो नवा पत्ता जोडा. बिटवॉर्डन मुळात फक्त मुख्य डोमेन जुळवतो, म्हणून उपनावाच्या फरकाने तो सहसा अडत नाही. पण नोंदीत ‘तंतोतंत’ किंवा ‘होस्ट’ निवडलं असेल तर जुळणी कडक होते आणि छोट्याशा बदलाने भरणं थांबतं. लॉगिनचा फॉर्म दुसऱ्याच साइटवरून आणलेल्या चौकटीत असेल तरी मॅनेजर कचरतो. एम दाबून चौकटींवर फिरता येतं, त्यावरून असा फॉर्म आहे का ते कळतं.

दोन पायऱ्यांच्या लॉगिनमध्ये आधी फक्त नाव विचारतात आणि पासवर्ड पुढच्या पानावर. तिथे पहिल्या वेळी नावच भरलं जाणार. ‘पुढे’ दाबा, पासवर्डचा रकाना ऐकू येईपर्यंत थांबा आणि शॉर्टकट पुन्हा दाबा. रकाना यायच्या आधी दाबली तर ती वाया जाते.

स्टार ऐकू येतात, तरी पान म्हणतं पासवर्ड टाका

इथे मॅनेजरने मजकूर रकान्यात ठेवला, पण पानावरच्या स्क्रिप्टला कळ दाबल्याची चाहूलच लागली नाही. ती अजून रकाना रिकामा समजते, आणि ‘लॉगिन’ बटणही बंद ठेवते. रकान्यात जाऊन एंड दाबा, एक स्पेस द्या आणि लगेच बॅकस्पेसने ती पुसा. नाव आणि पासवर्ड, दोन्ही रकान्यांत हे करा. पुष्कळ हट्टी पानं एवढ्याने वठणीवर येतात.

एवढं करूनही ‘पासवर्ड चुकीचा’ येत असेल तर ब्राउझरचा स्वतःचा पासवर्ड मॅनेजर तपासा. तो चालू असेल तर आपल्या मॅनेजरने भरलेल्यावर ब्राउझर जुना पासवर्ड भरतो, किंवा दोघांच्या याद्या एकावर एक उघडतात आणि खालचा बाण कुठल्या यादीत नेतो ते कळत नाही. एकच ठेवा. ब्राउझरमध्ये ‘पासवर्ड जतन करायचे का विचारा’ आणि ‘आपोआप साइन इन’ ही दोन्ही बंद करा. बिटवॉर्डनमध्ये रकान्याजवळ तरंगणारी सूचनांची यादीही बंद करता येते. ती नजरेसाठी बनवलेली सोय आहे. शॉर्टकट वापरणाऱ्याला तिचा फायदा कमी, अडथळा जास्त.

ऑटो-टाइप केलं की पान सैरावैरा पळतं

कीपासमध्ये ऑटो-टाइपसाठी कंट्रोल+ऑल्ट+ए दाबलं की तो नाव टाइप करतो, टॅब दाबतो, पासवर्ड टाइप करतो आणि एंटर देतो. टॅब भलत्याच ठिकाणी गेला, समजा ‘नाव विसरलात?’ या लिंकवर, की एनव्हीडीए आपोआप ब्राउझ मोडमध्ये जातो. आता पासवर्डमधलं प्रत्येक अक्षर ही उडी मारायची कळ झाली: एच शीर्षकावर नेतो, के लिंकवर, बी बटणावर. शेवटचा एंटर जिथे पोहोचला असेल ते दाबतो. टॅब पासवर्डऐवजी दुसऱ्या साध्या रकान्यात गेला तर गोष्ट आणखी वाईट, कारण अक्षरं वाचण्याची सोय चालू असेल तर अख्खा पासवर्ड मोठ्याने म्हटला जातो.

उपाय असा. नावाच्या रकान्यात जा. एनव्हीडीए आपणहून फोकस मोडमध्ये (यात कळा थेट रकान्यात टाइप होतात) गेला असेल तर एनव्हीडीए+स्पेस दोनदा दाबा: एकदा बाहेर, एकदा पुन्हा आत. हाताने लावलेला फोकस मोड टॅबने सुटत नाही, आपण काढेपर्यंत टिकतो. मग ऑटो-टाइप करा. त्याआधी एनव्हीडीए+२ दाबून टाइप केलेली अक्षरं बोलणं बंद करा, जॉजमध्ये इन्सर्ट+२. एखाद्या साइटवर टॅबचा घोळ नेहमीच होत असेल, तर कीपासमध्ये त्या नोंदीचा ऑटो-टाइपचा क्रम बदलून फक्त पासवर्ड ठेवा आणि नाव हाताने टाका. एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये इतर अ‍ॅप्लिकेशन्सनी पाठवलेल्या कळा हाताळायचा पर्याय आहे. तो काढून टाकला की ऑटो-टाइपची अक्षरं उड्यांच्या कळा बनत नाहीत. पण ऑन-स्क्रीन कीबोर्ड किंवा आवाजाने टाइप करणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यांच्या कळाही एनव्हीडीएकडे येणार नाहीत, हे ध्यानात ठेवा.

कीपासच्याच दोन गोष्टी. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ इथे स्क्रीन रीडरसाठी अनुकूल करण्याचा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी चालू करा. आणि ‘सिक्युअर डेस्कटॉप’वर मास्टर पासवर्ड (तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड) विचारण्याचा पर्याय मुळात बंद असतो, तो बंदच राहू द्या. चालू केला तर पासवर्डची खिडकी वेगळ्याच डेस्कटॉपवर उघडते, स्क्रीन रीडर मागच्या डेस्कटॉपवर राहतो आणि संगणक अडकल्यासारखा वाटतो. चुकून चालू झाला असेल तर एस्केप दाबून बाहेर या.

मास्टर पासवर्ड बरोबर असूनही चुकतो

कीबोर्डची भाषा बदललेली असणं हे याचं नेहमीचं कारण. मराठी आणि इंग्रजी दोन्ही कीबोर्ड लावलेले असले की विंडोज+स्पेस चुकून दाबलं जातं, आणि पासवर्डच्या रकान्यात देवनागरी अक्षरालाही ‘स्टार’च ऐकू येतं. विंडोजमध्ये प्रत्येक अ‍ॅपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायची सोय आहे. ती चालू असेल तर ब्राउझरमध्ये इंग्रजी आणि मॅनेजरमध्ये मराठी अशी स्थिती होते. पासवर्ड टाकण्याआधी विंडोज+स्पेस दाबून एनव्हीडीए कुठल्या भाषेचं नाव घेतो ते ऐका. मग नुसतं एंटर न मारता आधीचे स्टार पुसा आणि नव्याने टाइप करा.

दुसरं कारण कॅप्स लॉक. तीच कळ एनव्हीडीएची कळ म्हणून निवडली असेल, तर घाईत दोनदा दाबली गेली की कॅप्स लॉक लागतो. कीबोर्ड सेटिंगमध्ये, कॅप्स लॉक चालू असताना छोटी अक्षरं टाइप झाली तर बीप देणारा पर्याय आहे. तो चालू ठेवा.

मास्टर पासवर्ड शब्दांचा ठेवावा असं आमचं ठाम मत आहे. ७७७६ शब्दांच्या यादीतून यदृच्छेने निवडलेला प्रत्येक शब्द सुमारे १२.९ बिट देतो (बिट म्हणजे पासवर्ड ओळखणं किती अवघड याचं माप). सहा शब्दांचे ७७ बिट होतात. कानाने पाठ करायला, बोटांनी टाइप करायला आणि ब्रेलमध्ये लिहायला तो विचित्र चिन्हांच्या पासवर्डपेक्षा कितीतरी सोपा. शब्द मात्र मॅनेजरलाच निवडू द्या, स्वतः मनाने जुळवू नका.

एक्स्टेन्शनची खिडकी मधेच गायब होते

कंट्रोल+शिफ्ट+वायने उघडणारी छोटी खिडकी फोकस गेला की बंद होते. ऑल्ट+टॅब केलं, दुसरी सूचना आली, की गेली. नोंद बदलायची असेल, लांब टीप वाचायची असेल तर तिला वेगळ्या खिडकीत उघडण्याचं बटण वापरा किंवा डेस्कटॉप अ‍ॅप उघडा. शोधाच्या रकान्यात टाइप केल्यावर निकाल किती आले ते बहुधा सांगितलं जात नाही. टॅब दाबत पुढे जा. एका नोंदीला भरा, कॉपी करा, आणखी पर्याय अशी तीन-चार बटणं असतात, त्यामुळे पुढच्या नोंदीला टॅब बराच वेळ लागतो. शोधशब्द आणखी नेमका करणं जास्त लवकर होतं.

‘हा पासवर्ड जतन करायचा का?’ ही पट्टी पानाच्या वरच्या टोकाला येते आणि पुष्कळदा न बोलताच येते. नवीन खातं उघडल्यावर कंट्रोल+होम दाबून वरून खाली ऐका. क्रोममधल्या स्वतंत्र संवादखिडक्यांवर ऑल्ट+शिफ्ट+एने जाता येतं. खात्रीचा मार्ग वेगळा आहे: खातं उघडण्याआधीच मॅनेजरमध्ये नोंद करून पासवर्ड तिथे तयार करा. मग पट्टी आली काय, न आली काय.

३० सेकंदांचा कोड

दोन पायऱ्यांच्या सुरक्षेत पासवर्डनंतर दर ३० सेकंदांनी बदलणारा कोडही टाकावा लागतो. तो बदलायची वेळ गोलातल्या आकड्याने दाखवतात. स्क्रीन रीडर एकतर ती सांगत नाही, किंवा दर सेकंदाला बडबडतो. बडबड थांबवायला एनव्हीडीए+५ दाबा. काम झालं की पुन्हा चालू करा, नाहीतर चूक झाल्याची सूचनाही ऐकू येणार नाही. कोड दोनदा वाचून बघा: आकडे बदलले की लगेच कॉपी करा, म्हणजे जवळजवळ पूर्ण ३० सेकंद मिळतात. बहुतेक सर्व्हर एक पायरी जुना कोडही स्वीकारतात. सहा आकड्यांसाठी सहा वेगळे रकाने असतील तर पहिल्यात चिकटवून बघा. एकच आकडा गेला तर उरलेले हातानेच टाका.

दोन पायऱ्यांची सुरक्षा लावताना क्यूआर कोड अडवतो, पण त्याच पानावर ‘स्कॅन करता येत नाही’ किंवा ‘की हाताने टाका’ असा दुवा बहुतेक वेळा असतो. तो उघडला की अक्षरांची लांब की मिळते. ती कॉपी करून नोंदीतल्या कोडच्या रकान्यात चिकटवा.

पासवर्ड कुठे मागे राहतो

कॉपी केलेला पासवर्ड क्लिपबोर्डवर राहतो आणि एनव्हीडीए+सी तो बिनदिक्कत वाचतो. कीपास मुळात १२ सेकंदांनी क्लिपबोर्ड पुसतो. बारा सेकंद कमी पडत असतील तर ते ३० करा, पण पुसणं बंद करू नका. बिटवॉर्डनच्या सेटिंगमध्येही ही मुदत आहे, ती स्वतः तपासून लावा. विंडोज+व्हीने उघडणारा क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर तिथेही जुन्या गोष्टी साठलेल्या सापडतात.

जॉजमध्ये नुकतंच बोललेलं इन्सर्ट+स्पेस, मग एच दाबून पुन्हा वाचता येतं; पासवर्ड बोलला गेला असेल तर तोही तिथे असतो. एनव्हीडीएच्या लॉगची (तो स्वतः ठेवतो त्या कामाच्या नोंदींची) पातळी ‘इनपुट/आउटपुट’ ठेवली असेल तर कळा नोंदल्या जातात. मदतीसाठी लॉग कुणाला पाठवण्याआधी पातळी खाली आणून एनव्हीडीए पुन्हा सुरू करा. शेजारी कुणी असेल तर हेडफोन पुरेसे नाहीत, कारण स्क्रीन उजळलेलीच असते. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये स्क्रीन कर्टन आहे, म्हणजे पडदा काळा करायची सोय. जॉजमध्ये इन्सर्ट+स्पेस, मग एफ११. आयफोनवर व्हॉइसओव्हर चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप करा.

पासवर्ड बदलताना

जुना, नवा आणि पुन्हा नवा, असे तीन रकाने असतात आणि मॅनेजर जुना पासवर्ड तिन्हींत भरू शकतो. इथे शॉर्टकट वापरू नका. जुना कॉपी करून पहिल्या रकान्यात चिकटवा. नवा मॅनेजरमध्ये तयार करून नोंद जतन करा, मग तोच उरलेल्या दोन रकान्यांत चिकटवा आणि स्टार मोजा. पान नाही म्हणालं तर घाबरू नका: बिटवॉर्डन नोंदीतले मागचे पाच पासवर्ड जपतो, कीपासमध्येही नोंदीचा इतिहास असतो. बदल झाल्यावर लगेच बाहेर पडून नव्या पासवर्डने एकदा आत या. काही साइट २० अक्षरांनंतरचं न सांगता कापतात, ते तेव्हाच कळतं.

साइट चालवणाऱ्यांना तक्रार करायची तर नेमकी करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये निकष ३.३.८ आहे. लॉगिनसाठी पासवर्ड आठवून टाकायला लावायचा असेल तर मॅनेजरने भरणं आणि चिकटवणं रोखू नये, असा त्याचा अर्थ होतो. निकष १.३.५ नुसार नावासारख्या रकान्यांचा हेतू कोडमध्ये ओळखता आला पाहिजे. आकडे लिहिलेली तक्रार तांत्रिक माणसापर्यंत पोहोचते. ‘तुमची साइट चालत नाही’ ही मदतकेंद्रातच थांबते.

खातं परत मिळवण्याचे कोड चित्र म्हणून नाही, मजकूर म्हणून उतरवून घ्या. संगणकच बंद पडला तर ते ब्रेलमध्ये कागदावर असलेले बरे: संक्षेप न वापरता, अक्षरागणिक इंग्रजी ब्रेल, मोठ्या अक्षराआधी बिंदू ६, अंकांआधी बिंदू ३-४-५-६. अंक संपून ए ते जे यांपैकी अक्षर आलं तर मध्ये अक्षरचिन्ह, बिंदू ५-६, जरूर द्या, नाहीतर बी आणि २ यांत फरक राहत नाही. कागद लिहून झाला की एक कोड त्यावरून वाचत मॅनेजरमधल्या कोडशी अक्षर अक्षर जुळवून बघा.